आमेन म्हणण्याआधी

“बाई, येशूच्या नावात सलाम. मी सत्तावीस वर्षांचा आहे, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आईला अकरा वर्षं शुगर आहे. दोन महिन्यांपूर्वी तिनं गोळ्या बंद केल्या. यूट्यूबवर एक प्रचारक रोज रात्री लाइव्ह येतात, त्यांनी सांगितलं की गोळी घेणं म्हणजे अविश्वास. मी बोललो तर म्हणते, तू थोमासारखा संशयी झालास. मंडळीच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतं. कधी जगाच्या शेवटाची तारीख, कधी लसीतून श्वापदाची खूण. प्रश्न विचारला की मोठी माणसं म्हणतात, जास्त शिकलास. कामावरचा मित्र म्हणतो, धर्म म्हणजे सगळी बंडलबाजी, प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं, कशाला डोकं फोडतोस. आणि एक सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात मीच ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, आपल्याकडे चर्च जाळलं म्हणून. लोक पेटले. रात्री कळलं की तो जुना आणि परदेशातला आहे. मी डिलीट केला, कोणाला काही बोललो नाही. बाई, खरं काय ते ओळखायचं कसं? प्रश्न विचारणं पाप आहे का? मंडळी सोडून देऊ का?”
— शिरोलीचा एक वाचक

प्रिय मित्रा, सलाम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. प्रश्न तीन आहेत, पण घाई एकाच गोष्टीची आहे आणि ती तू दोन ओळींत उरकून पुढे गेलास. आईच्या गोळ्या. आधी ते बघू. सत्य म्हणजे काय याचा खल रविवारपर्यंत थांबला तरी चालेल, साखर थांबत नाही.

दोन महिने गोळ्या बंद आहेत, म्हणजे आज तिच्या रक्तात काय चाललंय ते तुलाही माहीत नाही आणि त्या प्रचारकांनाही नाही. वाढलेली साखर लगेच दुखत नाही, हीच तिची वाईट खोड. ती गुपचूप डोळ्यांवर, मूत्रपिंडांवर, पायांच्या नसांवर काम करत राहते. आई “मला तर बरं वाटतंय” म्हणत असेल आणि त्यात ती खोटंही बोलत नसेल. म्हणून आधी रक्त तपासून घे : उपाशीपोटी, जेवणानंतर, आणि एचबीए१सी. ही तिसरी तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणजे गोळ्या बंद केल्यापासूनचा सगळा हिशेब त्या एका आकड्यात येईल. रिपोर्ट घेऊन तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस काय बंद होतं ते लपवू नका. मध्येच फार तहान, उलट्या, जोरजोरात श्वास, गुंगी असं काही दिसलं तर तपासणीची वाट बघू नकोस, रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठ.

आता तिच्याशी बोलायचं कसं? तू क्वालिटीतला माणूस, तू आकडे दाखवशील. ती वचन दाखवेल. मग दोघंही दमाल आणि गोळी डबीतच राहील. तिच्याकडे तिच्याच पुस्तकातून जा. २ राजे, विसावा अध्याय काढ. हिज्कीया राजा मरणाच्या दारात आहे. तो भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो. देव यशयाच्या तोंडून निरोप देतो की मी तुला बरं करीन, तुझं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवीन. आणि लगेच पुढच्या वचनात यशया काय म्हणतो? अंजिरांची ढेप आणा. ती आणून गळवावर बांधतात, तेव्हा राजा बरा होतो. देवाचा शब्द मिळाला, आता अंजीर कशाला, असं कोणी म्हटलं नाही.

मग पौलाची पत्रं काढ. तीमथ्याला तो सतत दुखणाऱ्या पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. ज्या लूकनं शुभवर्तमान लिहिलं त्याला तो “प्रिय वैद्य” म्हणतो. आणि एक बारीकशी ओळ आहे, तीवर उपदेश मी क्वचितच ऐकलाय : तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल लिहितो की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. ज्याच्या हातून कितीतरी आजारी उठले, त्या पौलाचा स्वतःचा सोबती आजारी राहिला. “त्रफिमाचा विश्वास कमी पडला” असं पौल कुठंही लिहीत नाही.

ही ओळ मला पाठ आहे, त्याला कारण आहे. माझ्या मिस्टरांना कॅन्सर झाला तेव्हा मंडळीनं साखळी प्रार्थना लावली होती. रात्री दोनच्या पाळीलाही कोणीतरी जागं असायचं. उपचारही चालू होते. ते गेले. दफनानंतर तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका माणसानं खुर्चीत बसता बसता सांगितलं, “विश्वास कुठंतरी कमी पडला, ताई.” मी त्यांना चहा दिला. कप धुताना मात्र हात थरथरत होते. त्या संध्याकाळी त्रफिमाची ओळ सापडली नसती तर मी कदाचित देवळात पाऊल टाकलं नसतं. म्हणून सांगते, आजारी माणसाच्या गळ्यात विश्वासाचं माप अडकवणारा माणूस किती मोठा घाव घालतो ते त्याला कळतही नाही.

आपल्या भागाचाही इतिहास आईला आठवून दे. डॉ. वानलेस यांनी मिरजेत १८९४ साली दवाखाना उघडला, तो मिशनचाच. आपल्या पणज्यांच्या पिढीनं सुवार्ता आणि औषध एकाच दारातून आत येताना पाहिलं. ज्यांनी इकडे येशूचं नाव आणलं त्यांना प्रार्थना आणि सुई यांच्यात भांडण दिसलं नाही, ते आता मोबाईलवर कुठून निघालं?

आणि हे सगळं वाचून झालं की पुस्तक मिट आणि तिला एवढंच विचार : “आई, कंटाळलीस का गं गोळ्यांना?” अकरा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ गोळी, भात मोजून, लग्नात जिलेबी बाजूला सारून. एवढं करून थकलेल्या बाईला कोणीतरी देवाच्या नावानं सांगितलं की आता नको, तर तिला सुटल्यासारखं होणारच. त्यात वाद घालण्यासारखं काही नसेलही. नुसतं ऐकून घेण्यासारखं असेल. गोळ्यांनी पोट बिघडत असेल, महिन्याचा खर्च तिला टोचत असेल. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलताही येते.

याकोबाच्या पत्रात आजाऱ्यानं काय करावं ते लिहिलंय, तेही तिला दाखव. त्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जे तुला ओळखतात, घरी येतात, उद्या बरं-वाईट झालं तर खांदा देतील त्यांना. पडद्यावरचा माणूस, ज्याला तुझ्या आईचं नावही माहीत नाही आणि ज्याच्या खाली क्यूआर कोड चालू असतो, तो याकोबाच्या यादीत बसत नाही. ते प्रचारक लबाडच असतील असं मी म्हणत नाही. कदाचित त्यांना स्वतःला ते खरं वाटत असेल. पण तुझ्या आईच्या साखरेचा आकडा त्यांना कोणी कळवणार नाही आणि ते विचारणारही नाहीत.

आता तुझ्या मोठ्या प्रश्नाकडे येते.

हल्ली फॉरवर्डच्या खाली लिहिलेलं असतं, “आमेन टाइप करा आणि दहा जणांना पाठवा.” लोक करतात. आमच्या ग्रुपवरही आमेन, आमेन, आमेन अशी रांग लागते. हा शब्द आपण इतका वापरतो की तो प्रार्थनेचा पूर्णविराम वाटायला लागलाय. पण तो हिब्रू शब्द आहे, आणि सत्याला हिब्रूत जो शब्द आहे, एमेत, तो त्याच धातूपासून आलाय. मूळ अर्थ पक्कं, टिकणारं, ज्यावर भार टाकला तरी खचत नाही असं. म्हणजे आमेन म्हणताना आपण म्हणतो की हे पक्कं आहे, यावर माझी सही. मग मला सांग, साधा चेकसुद्धा आपण नीट वाचल्याशिवाय सही करून देत नाही, तर त्याहून मोठी सही देवाच्या नावानं आपण कशाकशाखाली करत बसलोय?

प्रश्न विचारणं पाप आहे का, याचं उत्तर तुझ्या कामातच आहे. माझा पुतण्या याच धंद्यात, त्यानं मला एकदा सगळं फिरवून दाखवलं होतं. भट्टीत हीट, म्हणजे वितळलेल्या धातूचा एक घाणा, तयार झाली की पळीनं थोडा रस काढतात, नाण्याएवढा तुकडा ओततात. तो घासायचा, धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या मशीनवर, स्पेक्ट्रोवर ठेवायचा, ठिणगी पडते आणि पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक सगळं आकड्यांत येतं. तोपर्यंत भट्टीपाशी सगळे थांबलेले, घामानं भिजलेले, पण ओत म्हणायची कोणाची हिंमत नाही. आणि तू सॅम्पल घेतोस म्हणून तुझा सुपरवायझर “तुझा भट्टीवर विश्वास नाही” असं म्हणतो का? पुतण्यानं मग एक रिजेक्ट झालेलं कास्टिंग हातात दिलं. वरून इतकं गुळगुळीत की हात फिरवत राहावा. मशीनवर पहिला कट बसला तेव्हा आतलं ब्लो होल, म्हणजे वायूनं पडलेली पोकळी, उघडं पडलं होतं, करंगळी जाईल एवढं.

थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल लिहितो, “सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा.” पारख करा या ठिकाणी जो मूळ ग्रीक शब्द आहे तो धातू आणि नाणी खरी की खोटी हे तपासण्यासाठी वापरायचे. तुझ्याच खात्याचा शब्द, बघ. आणि ही आज्ञा आहे. प्रार्थना करा, उपकार माना यांच्याच रांगेत, त्याच परिच्छेदात बसलेली. तिथे “जास्त शिकलेल्यांनी सोडून इतरांनी” असं काही लिहिलेलं नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावच्या लोकांची गोष्ट आहे. पौल तिथे जाऊन बोलला, त्यांनी आनंदानं ऐकलं आणि मग हा सांगतो ते तसंच आहे का, म्हणून रोज शास्त्र काढून बघत बसले. तपासलं कोणाला? खुद्द पौलाला. आणि लूक त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो. पौलाला तपासलेलं चालतं, आणि आज रात्री नऊच्या लाइव्हला तपासलेलं चालत नाही?

राहिला थोमा. त्याला आपण संशयी करून ठेवलंय, पण योहानाचा विसावा अध्याय सावकाश वाच. येशू मेलेल्यांतून उठल्यावर बाकीच्या शिष्यांनी त्याला सांगितलं, आम्ही प्रभूला पाहिलं. तो म्हणाला, खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. पुढची ओळ आहे “आठ दिवसांनंतर”. त्या आठ दिवसांत थोमा कुठे होता? त्यांच्यातच होता. कोणी त्याला हाकललं नाही आणि तोही रुसून निघून गेला नाही. त्याच घरात, बंद दारांमागे, न पटलेलं घेऊन तो बसून राहिला. मग येशू आला आणि त्यानं हात पुढे केले. न बघता विश्वास ठेवणारे धन्य, हे त्यानं म्हटलं, पण व्रण दाखवून झाल्यावर म्हटलं. मला त्या आठ दिवसांचं फार अप्रूप वाटतं. आपल्या मंडळ्यांना असे आठ दिवस कोणाला देता आले पाहिजेत.

आपल्याकडच्या उदाहरणासाठी पंडिता रमाबाईंकडे बघ. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या भगिनींनी शिकवलेलं त्यांनी डोळे मिटून गिळलं नाही. त्रैक्यासारख्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, अशा विषयावरही खोदून विचारलं, पत्रांवर पत्रं लिहून वाद घातला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान काढली ती दुसऱ्याच्या जोखडात घालायला नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीकमधून सगळं बायबल स्वतः मराठीत आणायला बसल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या तोवर त्याच कामात होत्या. इतके प्रश्न विचारणाऱ्या बाईचा विश्वास कच्चा होता असं म्हणायची कोणाची छाती आहे?

तुझ्या मित्राचं अर्धं खरं आहे. आपल्या लोकांत बंडलबाजी आहे, ते नाकारू नकोस, त्याच्यासमोर कबूल कर. पण “प्रत्येकाचं सत्य वेगळं” हे त्याला शिफ्टमध्ये लावून बघायला सांग. ब्लो होल असलेलं कास्टिंग “माझ्या मते बरोबर आहे” म्हणून तो ट्रकात चढवेल? अनुभव वेगळे असतात, बाजू वेगळ्या असतात, पण भोक असतं किंवा नसतं. येशूचा न्याय करायला बसलेल्या रोमी सुभेदारानं, पिलातानं, येशूला विचारलं होतं, “सत्य काय आहे?” आणि उत्तरासाठी न थांबता बाहेर निघून गेला. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, पण समोर उभा असलेला माणूस निर्दोष आहे हे कळूनही त्याला त्यावर काही करायचं नव्हतं. सत्य कळणं अवघड असतं म्हणून आपण थकतो, तशी कधीकधी ते कळलं तर काहीतरी करावं लागेल याचीही भीती असते. तुझ्या मित्राचं काय आहे ते मला माहीत नाही. तू त्याला ओळखतोस.

मान्य, सगळंच स्पेक्ट्रोवर ठेवता येत नाही. येशू मेलेल्यांतून उठला हे मी कोणत्याही प्रयोगशाळेत दाखवू शकत नाही. मी ते साक्षीवर धरलंय. पण साक्ष म्हणजे काहीही नव्हे. करिंथकरांना लिहिताना पौल नावं देतो : केफा म्हणजे पेत्र, याकोब, आणि एका वेळी पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जा, विचारून या. आणि पुढे तो म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. एवढं पणाला लावून बोलणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो. “प्रश्न विचारू नका” म्हणणाऱ्यानं काहीच पणाला लावलेलं नसतं.

तर रक्तातली साखर प्रयोगशाळेत कळते, बातमी कोण, कुठं, कधी हे विचारून कळते, आणि येशू कोण हे साक्ष ऐकून आणि मग त्याच्यामागे वर्षानुवर्षं चालून कळतं. घोटाळा होतो तो एकाचं माप दुसऱ्याला लावल्यावर. प्रचारकांनी साखरेला विश्वासाचं माप लावलं, तुझा मित्र विश्वासाला स्पेक्ट्रो लावू बघतो.

शेवटाच्या तारखांवर फार वेळ घालवू नकोस. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली. २०११ साली तिथल्याच एका रेडिओ प्रचारकानं २१ मे सांगितली. दोन्ही दिवस उजाडले आणि मावळले. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, असं येशूनं स्वतः सांगितलंय. ज्याला ठाऊक आहे असं कोणी सांगत येईल, त्याची पारख तिथंच झाली. लसीचंही तसंच. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, ज्या खुणेचं बोलणं आहे ती श्वापदाची भक्ती करणाऱ्यांची खूण आहे. गोवराची सुई घेणाऱ्या लेकराला ती लागत नाही.

आता त्या व्हिडिओबद्दल. तू तो शेवटी टाकलास, जाता जाता, पण तो तुला सगळ्यात जास्त टोचतोय हे मला कळतं. आणि तो टोचतोय ही चांगली गोष्ट आहे.

तुला माझं सांगते. २०१९ च्या ऑगस्टमधला आपल्या कोल्हापुरातला पूर. व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी आलेलं, लाइट नाही, मोबाईलची बॅटरी जपून वापरायची. रात्री अकराला मेसेज आला, राधानगरी धरण फुटलं, दोन तासांत शहरात पाणी. मी घाबरले आणि तीन घरी फोन केले. मला वाटलं, मी लोकांना वाचवतेय. त्यातलं एक म्हातारं जोडपं, तळमजल्यावरचं, त्या अंधारात पावसात बाहेर पडलं आणि आजोबा पायरीवरून घसरले. मनगट मोडलं. धरण जागच्या जागी होतं. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की आपोआप उघडतात, ते तसे उघडले होते. एवढंच झालं होतं. आजोबांनी मला कधी बोल लावला नाही. पण मी प्लॅस्टर बघायला गेले तेव्हा आजी म्हणाल्या, “बाईंनी सांगितलं म्हणून निघालो, दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर थांबलो असतो.” म्हणजे मी आयुष्यभर कमावलेला विश्वास त्या खोट्या बातमीला वाहन म्हणून दिला होता.

दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा पूर. या वेळी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी गेटला लहान मुलांची पाटी अडकवली. सकाळ-संध्याकाळ नियंत्रण कक्षाला फोन लावायचे आणि खडूनं राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी किती ते लिहायचे. खाली वेळ, आणि “कोणाकडून कळली”. कोपऱ्यात कायमचं लिहिलेलं, इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. फोन लागला नाही तर “सकाळचा आकडा मिळाला नाही” असं लिहायचे. जुना आकडा पुसून अंदाजानं नवा कधी टाकला नाही. लोक विचारायचे, काका, वाढणार का? ते पाटीकडे बोट दाखवायचे. पाणी पुढे पंचावन्न फुटांच्याही वर गेलं, पण त्या वर्षी आमच्या गल्लीतून रात्री-अपरात्री कोणी घाबरून पळालं नाही. जे निघाले ते दिवसाउजेडी, सामान बांधून निघाले. त्या गृहस्थांनी बायबल कधी उघडलं असेल असं वाटत नाही. पण खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा पाळताना मी कोणाला पाहिलं असेल तर त्यांना.

ती आज्ञा पूर्ण वाच. “आपल्या शेजाऱ्याविरुद्ध” खोटी साक्ष देऊ नको. तुझ्या व्हिडिओत चर्च जाळणारे कोणीतरी होतेच ना? ग्रुपवरच्या लोकांनी मनातल्या मनात त्यांना चेहरे दिले असतील, शेजारच्यांचे, बसमधल्यांचे. आपल्या गावानं जून २०२३ मध्ये बघितलंय, मोबाईलवरच्या एका स्टेटसवरून दगडफेक, बंद, इंटरनेट बंद. तुझ्या ग्रुपवर सुदैवानं तसं झालं नाही. आणि आणखी एक. आपल्या लोकांवर खरेच अन्याय होतात, खऱ्या घटना घडतात. त्या दिवशी आपण साक्ष द्यायला उभे राहू तेव्हा समोरचा म्हणेल, मागचाही व्हिडिओ खोटाच होता. आपल्याला सोयीचं खोटं आपणच तपासत नाही, कारण ते खरं असावं असं आपल्याला वाटत असतं. आईला प्रचारक खरे असावेत असं वाटलं, तुला तो व्हिडिओ. तू आणि ती फार लांब नाही आहात, हे तिच्याशी बोलताना लक्षात राहू दे. तूच आधी तिला व्हिडिओची गोष्ट सांग, मग गोळ्यांची काढ.

डिलीट केल्यानं फक्त पाटी पुसली. ज्यांनी पाहिला त्यांच्या मनात तो आहेच. ग्रुपवर असं लिही : “गेल्या महिन्यात चर्च जाळल्याचा व्हिडिओ मी टाकला होता. तो इथला नव्हता. जुना आणि परदेशातला होता. मी न तपासता पाठवला, माझं चुकलं. ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांनी हा मेसेजही पाठवावा.” बस. खाली वचन जोडू नकोस, हात जोडलेलं चित्र टाकू नकोस. कोणी चिडवेल, कोणी काहीच बोलणार नाही. एखादा रात्री खासगीत लिहील, की मीही असंच काहीतरी पाठवलं होतं. त्याला उत्तर दे.

यापुढे ग्रुपवर काही आलं तर चारचौघांत “पुरावा काय” म्हणून अंगावर जाऊ नकोस. ज्यानं पाठवलं त्याला एकट्याला फोन कर. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली रीत हीच आहे, आधी दोघांत. फोटो असेल तर गूगलवर टाकून तो आधी कधी, कुठं आला ते शोध, तुकडा असेल तर पूर्ण व्हिडिओ शोध. आता तर माणसाचा चेहरा आणि आवाजही मशीन बनवतं, त्यामुळे “मी डोळ्यांनी बघितलं” हेही पुरेसं राहिलेलं नाही. नाहीच सापडलं तर पाटीवरच्या काकांसारखं लिही, “खात्री झाली नाही.”

मंडळी सोडू का, या प्रश्नाला माझं आजचं उत्तर : नको. आधी पाळकसाहेबांना एकट्यात भेट, आईच्या गोळ्यांची गोष्ट सांग आणि त्यांना घरी येऊन तिच्यासाठी प्रार्थना करायला बोलाव. गोळी घेऊनच प्रार्थना करू, असं त्यांच्या तोंडून तिनं ऐकलं तर तुझ्या शंभर शब्दांचं काम होईल. ते आले आणि तसं म्हणाले, तर तुझ्या मंडळीत आठ दिवस थांबण्याइतकी जागा आहे. पण औषध सोडा असंच जर ते म्हणत राहिले, प्रश्न विचारणाऱ्याला वाळीत टाकू लागले, पैशाचा हिशेब दाखवायला तयार नसले, तर दुसरी मंडळी शोध. त्यानं तू प्रभूला सोडलंस असं होत नाही. कोल्हापुरात उपासना एकाच छपराखाली होत नाही.

शनिवारी तुला सुट्टी असेल तर सकाळीच आईला घेऊन लॅबला जा. तिला उपाशी राहायचंय हे आदल्या रात्री आठवणीनं सांग, नाहीतर चहा घेऊन बसेल. सुई टोचताना तिचा दुसरा हात धर. तिचं नाव तू पत्रात लिहिलं नाहीस, म्हणून मी रात्री “शिरोलीच्या त्या मुलाची आई” एवढंच म्हणून प्रार्थना करते. देवाला कळत असणार. रिपोर्ट आला की आकडा मला कळव, चांगला असो वा वाईट, आहे तोच.

— तुझी बाई